पाण्यात भिजलेला, गंजलेला जुना संगणक पुन्हा सुरू करता येतो का?

पुरात बुडालेला किंवा गळक्या माळ्यावर पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेला डेस्कटॉप संगणक पाहिला, की पहिली आठवण भंगारवाल्याची होते. पत्र्याला तपकिरी पापुद्रे सुटलेले असतात, आत वाळलेल्या चिखलाचा थर असतो आणि मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात हिरवी-निळी पूड साचलेली असते. तरीही अशी यंत्रे बऱ्याचदा पुन्हा सुरू होतात. साधारण १९८५ ते १९९५ या काळातले संगणक तर या बाबतीत आजच्या लॅपटॉपपेक्षा उजवे आहेत. त्यांचे भाग मोठे आणि सुटे असतात, अनेक चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात आणि बोर्डावरचे ट्रॅक भिंगातून स्पष्ट दिसतात.

अशा यंत्रांचा शेवट बहुधा दोन गोष्टींनी होतो. एक म्हणजे ‘जरा चालू करून बघू’ म्हणून दाबलेले बटण आणि दुसरी म्हणजे मदरबोर्डवर विसरून राहिलेली बॅटरी. पाण्याचा नंबर त्यानंतरचा.

भारतात कचेऱ्या, बँका, छापखाने आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये जे संगणक आधी आले, त्यातले बहुतेक आयबीएमच्या १९८४ सालच्या ‘पीसी-एटी’च्या धर्तीवर जुळवलेले होते. २८६, ३८६, ४८६ हे आकडे त्यांच्या प्रोसेसरचे. पुढची माहिती मुख्यतः या पिढीच्या यंत्रांना लागू पडते.

पाणी नेमके काय बिघडवते?

वीज नसलेल्या बोर्डाला शुद्ध पाण्याचा फारसा त्रास होत नाही. इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत सोल्डरिंगनंतर अनेक बोर्ड पाण्यानेच धुतात. त्रास होतो तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या तळमजल्यांवर शिरलेले पाणी नुसते पावसाचे नव्हते. त्यात गटार, माती, तेल असे सगळे मिसळलेले होते. असे पाणी वाळले की क्षार मागे राहतात. हवेतला दमटपणा ते ओढून घेतात, त्यामुळे बोर्ड वरून कोरडा दिसला तरी त्यावर खारट पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि गंजणे चालूच राहते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ ठेवलेल्या यंत्रांना हाच त्रास पूर न येताही होतो.

अशा बोर्डात वीज सोडली, की विद्युत अपघटन सुरू होते. एका ट्रॅकवरचा धातू विरघळून शेजारच्या ट्रॅककडे सरकतो आणि दोहोंच्या मध्ये केसासारख्या बारीक धातूच्या फांद्या उगवतात. त्यातून शॉर्ट होतो. अनेक महिन्यांत जेवढा गंज चढला नसता, तेवढे नुकसान काही मिनिटांत होते. म्हणून पहिला नियम असा, की धुऊन, वाळवून आणि तपासून होईपर्यंत प्लग लावायचाच नाही.

भिजलेली वस्तू तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय इथे कामाचा नाही. तांदूळ क्षार काढत नाही, उलट पीठ आणि कण मागे ठेवतो. उघड्या हवेत पंख्याखाली ठेवलेला बोर्ड त्याहून लवकर वाळतो.

आधी बॅटरी काढा

३८६ आणि ४८६ पिढीच्या पुष्कळ बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, बहुधा निळ्या वेष्टनातली नळकांडी सोल्डर केलेली दिसते. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि हार्ड डिस्कची माहिती लक्षात ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती फुटते आणि आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. ते तांब्याच्या ट्रॅकवरून, हिरव्या लेपाच्या खालून, छिद्रांमधून पुढे सरकत जाते. यंत्र कपाटात अगदी कोरडे ठेवलेले असले तरी हे घडते. जुन्या संगणकाला जो गंज लागला म्हणतात, त्यातला बराचसा या बॅटरीचा प्रताप असतो.

बॅटरी ओढून काढू नये, कारण खालचे ट्रॅक कमकुवत झालेले असतात आणि तिच्याबरोबर उखडून येतात. तिचे पाय कटरने कापावेत. हातात मोजे हवेत, कारण कॅडमियम विषारी आहे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

साफ करताना एक चूक वारंवार होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जमणारी पांढरी पूड खाण्याच्या सोड्याने धुतात, तसेच इथेही केले जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते, म्हणून तिथे सोडा चालतो. इथे गळलेला पदार्थ अल्कली आहे, त्यामुळे त्याला आम्लच हवे. स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर पुरते. कापसाच्या काडीने ते डागांवर लावावे, काही मिनिटांनी मऊ टूथब्रशने घासावे आणि लगेच भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टाकावे. व्हिनेगर मागे राहिले तर तेही तांबे खाते.

यानंतर सगळा बोर्डच धुता येतो. आधी सुटी माती कोरड्या ब्रशने काढावी, मग साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावे. शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी चालते. सर्वांत शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतले, की स्लॉट आणि चिपखाली अडकलेले पाणी त्याच्याबरोबर निघून जाते. मग दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवावे.

उन्हात ठेवायचे असेल तर आधी बायॉस चिप पाहावी. या काळातल्या बऱ्याच बायॉस चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते आणि त्यावर कागदी स्टिकर चिकटवलेले असते. हे स्टिकर केवळ नाव सांगण्यासाठी नसते. अतिनील किरण खिडकीतून आत गेले तर चिपमधला प्रोग्राम पुसला जातो. पाण्यात ते सुटून पडले असेल तर खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून घ्यावी.

पत्रा आणि स्क्रू

बाहेरची पेटी हा यातला सर्वांत सोपा भाग, पण मन त्यातच जास्त रमते, कारण फरक लगेच डोळ्यांना दिसतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने निघतो. खोल गंजासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, वापरता येते. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून गंजलेला भाग काही तास बुडवून ठेवला, की तपकिरी थर मऊ पडून घासला जातो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर आम्ल तोही खाते. म्हणून अख्खी चौकट रात्रभर बुडवून ठेवणे चांगले नाही. आम्लातून काढलेले लोखंड उघडे पडलेले असते आणि तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागते. त्यामुळे सोड्याच्या पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने ताबडतोब कोरडे करावे आणि त्याच दिवशी प्रायमर मारावा.

स्टील वूल मात्र संगणकाच्या आसपासही नको. त्याचे बारीक तंतू तुटून उडतात, एखाद्या स्लॉटमध्ये जाऊन बसतात आणि महिन्यांनी शॉर्ट घडवतात.

स्क्रू गंजून बसले असतील तर गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर थांबावे. नवे स्क्रू आणताना जुना नमुना बरोबर न्यावा. पीसीच्या पेटीत दोन प्रकारचे स्क्रू असतात. फ्लॉपी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे असतात आणि ते सहज मिळतात. पेटीचे आणि हार्ड डिस्कचे मात्र जाड, अमेरिकी मापाच्या आट्यांचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू त्या भोकात जबरदस्तीने घातला तर आटे कायमचे जातात.

पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिने रंग उजळतो, पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो. संगणक चालण्या-न चालण्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे हे काम शेवटी ठेवले तरी बिघडत नाही.

वीजपुरवठ्याचा डबा

सगळ्यात धोकादायक भाग हाच. एसएमएसमध्ये नव्हे, एसएमपीएसमध्ये, म्हणजे पंखा असलेल्या त्या पत्र्याच्या डब्यात, २३० व्होल्टची वीज आधी सरळ प्रवाहात बदलली जाते आणि मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही हा दाब काही वेळ राहू शकतो. मल्टिमीटरने तो शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. ही मोजणी याआधी कधी केली नसेल, तर हे काम टीव्ही-एसएमपीएस दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे दिलेले बरे.

एटी पिढीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. पुष्कळ पेट्यांत पुढच्या पॅनेलवरचे बटण थेट २३० व्होल्ट तोडते-जोडते आणि त्यासाठी जाड केबल पेटीतून पुढपर्यंत आणलेली असते. ओलसर, गंजलेल्या पेटीत या केबलचे आवरण फाटलेले असेल तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरू शकतो. म्हणून ती केबल, तिचे बटण आणि अर्थिंग आधी तपासावे.

डब्यात पिवळसर पारदर्शक आवरणाचे, चौकोनी कपॅसिटर दिसले आणि त्यावर बारीक चिरा असल्या, तर ते न तपासताच बदलावेत. आतल्या कागदात ओल शिरलेली असते. वीज दिल्यावर काही मिनिटांत ते फुटतात आणि घरभर घाणेरडा धूर होतो. त्याजागी त्याच मूल्याचा नवा एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर बसतो. मागे ११५-२३० असा लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, हे पाहून घ्यावे.

ट्रॅक जोडणे

बोर्ड वाळल्यावर भिंग घेऊन बॅटरीच्या जागेपासून बाहेरच्या बाजूला पाहत जावे. काळपट किंवा हिरवा झालेला ट्रॅक आतून तुटलेला असू शकतो. मल्टिमीटर बझरवर ठेवून ट्रॅकची दोन्ही टोके तपासायची आणि जिथे आवाज येत नाही तिथे इनॅमलची बारीक तार सोल्डर करून पूल बांधायचा. दोन्ही बाजूंना जोडणारी छिद्रे सर्वांत जास्त फसवतात. वरून ठीक दिसतात, पण आतले तांबे गेलेले असते.

कीबोर्ड सांभाळणारी चिप बहुतेक वेळा बॅटरीच्या शेजारीच असते. त्यामुळे बाकी सर्व सुरू होऊनही ‘कीबोर्ड एरर’ दिसली, तर आधी तिच्या सॉकेटकडे आणि तिथल्या ट्रॅककडे पाहावे. जुन्या चिपचे पाय लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचे असतात. गंजलेली चिप सॉकेटमधून उपटली तर पाय सॉकेटमध्येच राहतो. ती दोन्ही टोकांनी आळीपाळीने, थोडी थोडी उचलावी. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतात. जुन्या चिपसाठी मात्र त्याच पिढीचा दुसरा मेलेला बोर्ड हाच खरा साठा असतो.

पहिल्यांदा वीज देताना

आधी एसएमपीएस एकटा तपासतात. त्याच्या वाटेत १०० वॉटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि डबा वाचतो. या पिढीचे बरेच डबे रिकामे चालत नाहीत. त्यांना थोडा भार लागतो, म्हणून बारा व्होल्टच्या तारेवर गाडीचा बल्ब आणि पाच व्होल्टच्या तारेवर योग्य वॉटचा रेझिस्टर लावतात. सिरीज बल्ब काढून मोजल्यावर पाच व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ मिळाले, तरच बोर्ड जोडायचा.

मदरबोर्डला जाणारे कनेक्टर दोन आहेत आणि ते उलटे बसू शकतात. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट लावले तर इतक्या दिवसांची मेहनत एका क्षणात जळते.

सुरुवातीला बोर्डवर फक्त मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर असू द्यावा. पडदा काळाच राहिला तर स्लॉटमध्ये लावायचे पोस्ट कार्ड उपयोगी पडते. संगणक सुरू होताना कुठल्या टप्प्यावर अडला, ते त्यावर दोन अंकी-अक्षरी संकेताने दिसते. जुना मॉनिटर मात्र उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. डिस्प्ले कार्ड व्हीजीए असेल तर आजचा व्हीजीए सॉकेटचा एलसीडी बहुधा चालतो.

नवी बॅटरी बोर्डवर पुन्हा सोल्डर करू नये. लांब तारेने ती पेटीच्या पत्र्याजवळ ठेवावी, म्हणजे गळली तरी बोर्ड वाचतो. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करणारे असते, त्यामुळे लिथियमची बटन बॅटरी लावायची तर वाटेत डायोड हवाच. चार्ज होऊ लागलेली लिथियम बॅटरी फुटू शकते.

हार्ड डिस्क: घाई सर्वांत महाग पडते ती इथे

बाकी सगळे बदलून मिळते, डिस्कवरचा मजकूर मिळत नाही. हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज आहे. या काळातल्या डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असते आणि पाण्यात बुडाल्यावर त्यातून पाणी आत जाऊ शकते. आतली चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. मधे चिखलाचा एक कण आला तरी चकती खरवडली जाते.

म्हणून बुडालेली डिस्क सुरू करायची नाही, उघडायची नाही आणि हेअर ड्रायरने वाळवायचीही नाही. मजकूर मोलाचा असेल तर ओली असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी, कारण आतली घाण चकतीवर वाळली की काम अवघड होते. डिस्क बुडालेली नसून फक्त बाहेरून गंजलेली असेल, तर आशा बरीच आहे. पण ती फिरली की पहिल्याच वेळी सगळी नक्कल करून घ्यावी. दुसरी संधी मिळेलच असे नाही.

डिस्क साफ करण्याआधी तिच्या लेबलचा फोटो काढावा. सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे त्यावर असतात. बॅटरी गेल्याने संगणक ते विसरलेला असतो आणि जुन्या बायॉसमध्ये ते हातानेच भरावे लागतात. आयडीई डिस्क यूएसबीच्या अडॅप्टरने आजच्या संगणकाला जोडता येते, पण अगदी सुरुवातीच्या आयडीई डिस्क या अडॅप्टरना ओळखता येत नाहीत. तेव्हा पेंटियम काळातला, बोर्डवर आयडीई सॉकेट असलेला संगणक मधे घ्यावा लागतो. त्याआधीच्या २० किंवा ४० मेगाबाइटच्या एमएफएम डिस्क तर त्यांच्याच कंट्रोलर कार्डशी बांधलेल्या असतात. म्हणून ते कार्ड डिस्कबरोबरच जपावे.

नक्कल करण्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम वापरतात. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, बिघडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मरणाऱ्या डिस्कवर एकाच खराब जागी अडकून पडण्यापेक्षा हे बरे. नक्कल झाल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवून संगणकात तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावता येते. ते आयडीईच्याच भाषेत बोलते, त्याला फक्त साधा जोडणारा अडॅप्टर पुरतो.

डिस्कवर मराठी मजकूर असेल तर

महाराष्ट्रातल्या अशा संगणकांत पुष्कळदा पत्रव्यवहार, संस्थांची इतिवृत्ते, हस्तलिखिते किंवा छापखान्यात जुळवलेली पुस्तके असतात. डिस्क वाचता आली तरी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर बहुधा शाबूत असतो. तो युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने साठवलेला असतो, एवढेच.

या पद्धती मुख्यतः दोन. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये लावत आणि त्यामुळे डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी दिसे. अशा फाइली सहसा इस्की संकेतात असतात. इस्कीमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली आहे, त्यामुळे अशा फाइलींचे रूपांतर तुलनेने सोपे असते. पेटीत कसलेसे अनोळखी लांब कार्ड सापडले तर ते जिस्ट कार्ड असू शकते, म्हणून फेकण्याआधी त्यावरची अक्षरे वाचावीत.

विंडोज आल्यावर आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारखी सॉफ्टवेअर रुळली. त्यांच्या फाइलींत अक्षराऐवजी त्याच्या आकाराचे तुकडे साठवलेले असतात आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा. ‘क’चा देठ एका फाँटमध्ये ज्या क्रमांकावर, तिथे दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच काही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण फाइल कोणत्या फाँटमध्ये टाइप केली हे कळले तरच ते चालतात. तो फाँट बहुधा त्याच डिस्कवर, विंडोजच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. म्हणून फक्त कागदपत्रांच्या फाइली उचलून न थांबता संपूर्ण डिस्कची नक्कल घ्यावी लागते. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा मूळ फाइल, तिचा फाँट आणि युनिकोडमधली नवी फाइल अशा तिन्ही एकत्र ठेवतात.